डावीकडची सीट

तीन मेसेज आले होते आधी.
कर्जवाल्यांचे असतील म्हणून पुसून टाकले.
मग पोस्टमन आला, त्यानं सही घेतली,
आणि सासूबाईंनी आतून विचारलं, कुणाचं गं बोलावणं?
म्हटलं, गाडीचं.
बरं झालं, म्हणाल्या.
त्यांना वाटलं होतं आपल्यापैकी कुणाचं.

पत्रात लिहिलं होतं:
पुढील डाव्या आसनाचा मागचा एक बोल्ट
कसाला उतरलेला नाही.
जोरात ब्रेक लागल्यास आसन जागा सोडू शकते.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

डावं आसन म्हणजे मी.
उजवीकडे जो तो येतो, एकवीस दिवस बसतो,
लायसन घेऊन जातो.
डावीकडे मी, सहा वर्षं,
पायाखाली माझा वेगळा ब्रेक
आणि चप्पल झिजते ती फक्त उजव्या पायाची.

ऑर्लेमच्या मागच्या गल्लीत
फुर्ताडोबाई रिक्षा दिसली की डोळे मिटायच्या.
बँकेतून निवृत्त झालेले राजाध्यक्ष
सिग्नलला आधी सॉरी म्हणत, मग थांबत नसत.
त्यांना म्हटलं, सगळ्यांनाच म्हणते,
घाबरू नका, मी बसलेय ना.
आणि दाबला ब्रेक. दिवसातून दहादा. जोरात.
म्हणजे ज्या पायानं मी त्यांना राखत होते
त्याच पायानं मला...
जाऊ दे. असले हिशोब मांडायला बसलं
की चहा गार होतो.

चांदिवलीला काचेआड खुर्च्या, एसी,
टीव्हीवर आवाज बंद करून कुणीतरी वांगी चिरतंय.
मला बघायचंय, म्हटलं.
कस्टमरला आत सोडत नाहीत, काउंटर म्हणाला.
नौशाद म्हणाला, या,
पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभ्या राहा.

त्यानं सीट उपसून बाहेर काढली
तेव्हा माझी गाडी
पुढचा दात पडलेल्या पोरासारखी दिसली.
खाली चिंचगोळ्यांचे कागद,
गंजून चिकटलेलं दोन रुपयांचं नाणं,
आणि अनघा तावडेचा पासपोर्ट फोटो,
ज्याच्यावरून आरटीओच्या दारात
आम्ही भर उन्हात एकमेकींना काय काय बोललो होतो.
ती आता दुबईत चालवते. रस्त्याच्या उजवीकडून.

बोल्ट नौशादच्या तळहातावर. करंगळीच्या पेराएवढा.
मला काही दिसेना.
त्यानं उजेडाकडे वळवला
तेव्हा मानेपाशी एक रेघ,
पापणीच्या केसाएवढी.
अजून किती टिकला असता?
काय सांगणार मॅडम. दहा वर्षं.
नाहीतर आत्ता येताना, साकीनाक्याला.

मी तो मागितला. देत नाहीत.
पिशवीत जातो, पिशवीला नंबर असतो,
कंपनीला प्रत्येकाचं तोंड बघायचंय म्हणे.

नवा आवळताना पान्यातून आवाज आला, कट्.
बस, म्हणाला तो, याच्यापुढे नाही.
जास्त आवळला तरी तुटतो.

बिल मिळालं. एकूण रक्कम शून्य.
तरीही सही लागते.
शून्याच्या खाली मी पूर्ण नाव लिहिलं,
वडिलांचं धरून. का, ते माहीत नाही.

संध्याकाळी नवीन मुलगी, पहिला दिवस.
बसल्या बसल्या हात किल्लीकडे.
थांब, म्हटलं. आधी सीट, मग आरसा, मग पट्टा.
हे मी झोपेतही म्हणते, नवरा सांगतो.
तिनं खालची दांडी ओढली, पुढे सरकली,
पाय पुरतात का बघितलं,
आणि वळून विचारलं, तुमची?
माझी काय?
तुमची सीट, मॅडम.

मी वाकले. दांडी सापडेना,
सहा वर्षांत कधी लागलीच नव्हती.
मग लागली हाताला. ओढली.
एक खाच मागे.
कट्.

चल, म्हटलं.
घाबरू नको म्हणायचं राहूनच गेलं,
कोपऱ्यावरून रिक्षा वळत होती.