शामरावनगर, दीड गुंठा

पहिला रकाना: मालमत्तेचा प्रकार.
निवासी, मी लिहितो. भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचं.
म्हणजे पक्कं की कच्चं, ते मला विचारू नका.
दोन परिपत्रकांत दोन उत्तरं आहेत
आणि दोन्हींखाली सही एकाच साहेबांची.

नसीम दस्तगीर शिकलगार,
मिरजेच्या दवाखान्यात आयाबाई,
रात्रपाळी संपवून तशीच आलीय
माझ्या टेपचं दुसरं टोक धरायला.
"भिंतीला घट्ट लावा," मी म्हणतो.
ती लावते, आणि जांभई पदरात लपवते.

पूर्वेस विभूत्यांची मोकळी जागा, गाजरगवत.
पश्चिमेस बोळ. जागेवर नऊ फुटी, नकाशावर वीस.
उत्तरेस कोळेकरांच्या दोन म्हशी आणि एक बुलेट.
दक्षिणेस चर.
ती चर म्हणते, महापालिका नाला म्हणते,
पाणी काहीच म्हणत नाही. येतं.

शंभराच्या स्टॅम्पावरची नोटरी, दस्तगीरच्या नावे.
मग गुंठेवारीचा दाखला, अकरा वर्षांनी, दंड भरून.
तो तिनं लॅमिनेट केलाय,
पोराच्या दहावीच्या मार्कलिस्टाशेजारी ठेवलाय.
पुढं योजनेत अट निघाली: घर बाईच्या नावे हवं.
दस्तगीर टेम्पोवरनं उतरला, हळदीच्या हातांनी
बक्षीसपत्रावर अंगठ्याएवढी सही केली.
कागदावर पिवळा डाग अजून आहे.
"मेहर राहिलीवती हो लग्नातली," नसीम सांगते,
"सरकारनं वसूल करून दिली."

बँकेतल्या मॅडमनी समजावलं होतं तिला,
खरेदीचं कर्ज निराळं, प्लॉटचं निराळं,
बांधकामाचं टप्प्याटप्प्यानं सुटतं,
जोता झाला की थोडं, लिंटल, स्लॅब, मग गिलावा.
दुरुस्तीचं अगदीच किरकोळ,
राहतं घर तारण ठेवून काढलं तर व्याज चढं.
सगळं ऐकून तिनं विचारलं,
"पाण्याच्या वर राहायचं कर्ज कंचं त्यातलं?"
मॅडम हसल्या नाहीत.
त्याही हरिपूर रोडच्या.

आत येतो.
सगळे प्लग माझ्या खांद्याच्या वर.
मिक्सर कपाटावर, चार्जरची वायर
वेलीसारखी वरून खाली लोंबतेय.
"एकोणीसला कुठवर होतं?"
ती बोट ठेवत नाही, बोर्डाकडं बघते.
"त्याच्या खाली चार बोटं. वायरमनला म्हटलं,
ह्याच्या वर लाव. आता हात पुरंना तर स्टूल घेते."

माझ्या नकाशात एक निळी रेषा आहे
आणि एक लाल, तिच्यापलीकडं.
ज्या सरकारनं सबसिडी जाहीर केली
त्याच सरकारनं त्या आखल्या,
खातं वेगळं, मजला वेगळा,
मधे जिना आहे म्हणे, मी पाहिलेला नाही.
नसीमची चूल दोन्ही रेषांच्या मधे येते.

खरं सांगायचं तर माझंही कर्ज चालूच आहे,
विश्रामबागेत, चौथा मजला.
वीस वर्षांचं घेतलं होतं, तेवीसचं झालंय.
दर कुठंतरी वाढतो, हप्ता तोच राहतो,
वर्षं तेवढी मागच्या दारानं आत येऊन बसतात.

ती चहा ठेवते. मी मागच्या अंगणात जातो
लांबी पुन्हा तपासायला, आणि वर बघतो.
चारी कोपऱ्यांचे कॉलम पत्र्यातून बाहेर काढलेत,
त्यांवर गज, हातभर मोकळे,
गंज चढू नये म्हणून प्रत्येक गजावर
उलटी घातलेली सलाईनची रिकामी बाटली.
उन्हात सोळा बाटल्या.

"साहेब," ती कपबशी पुढं करते,
"खरं असंल तेच लिवा.
फकस्त पानी आधी लिवू नका."

बाजारभावाचा आकडा मी घरी जाऊन टाकेन.
पाणीही लिहावं लागेल, त्याला रकाना आहे.
पण शेऱ्याची जागा आत्ताच भरून टाकली,
तिच्या ओट्यावर वही टेकवून:
गज सोळा. वर वाढवण्यास ठेवलेले.
गंज नाही.