रिकीब

कान मी चारशे रुपयांना घेतला.
कबाडी सहाशेवर अडून बसला होता.
मी म्हटलं, आतलं एक हाड गायब आहे.
तो हसला: 'बाबूजी, कान है, सुनता थोड़ी है.'

सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून
कंपूपासून जनकगंजापर्यंत आणला.
सुपाएवढा कान.
कागदाचा लगदा, सरस, वर पिवळं पडलेलं वॉर्निश.
कुठल्याशा डॉक्टरी शाळेतून मोडीत निघालेला.
पाळीवर जुन्या शाईतले आकडे,
आणि कुणीतरी टोच्यानं कोरलेलं: शितोळे नापास.

ही दारात उभी. काही बोलली.
बहुधा, आता हा कुठे ठेवणार?

खरंच होतं.
फ्रिजवर प्लास्टरचं यकृत.
देवघराखालच्या फळीवर जळवांची बरणी,
झाकणाला भोकं, जळवा केव्हाच्याच गेलेल्या.
गोळ्या वळायची पितळी पाटी, चोवीस खाचांची,
कंपाउंडर वडिलांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली.
आणि निळी बाटली, अंगभर काटेरी उठाव:
रात्री दिवा नसताना हात पडला
तर बोटांनाच कळावं, हे विष आहे.
लेबलावर भरवसा ठेवू नकोस, म्हणायचे.

हूक काढला की कान कपाटासारखा उघडतो.
पडद्यामागे हातोडा. हातोड्याला टेकून ऐरण.
तिच्यापुढे रिकीब हवी, तिथे नुसतं खिळ्याचं भोक,
आणि पलीकडे गोगलगाय
वेटोळं घालून निरोपाची वाट बघत बसलेली.
एवढ्या घोड्यांच्या, एवढ्या पागांच्या या ग्वाल्हेरात
एक रिकीब मिळू नये?

मधे मुलीनं मला तपासायला नेलं.
काचेच्या खोलीत बसवून तिथली पोरगी म्हणाली
(म्हणाली असावी), आवाज आला की बटण दाबा.
मी दाबत राहिलो. नसलेल्या आवाजांनाही दाबलं,
तिला वाईट वाटू नये म्हणून.
कागदावर रेघ उतरली, उरवाई दरवाज्याचा उतारच.
यंत्राचे अठरा हजार सांगितले.
तेवढ्यात पंचेचाळीस कान आले असते.

सराफ्यात पोतदारांच्या धाकट्याकडे गेलो.
म्हटलं, कानातलं करायचंय.
त्यानं ट्रे पुढे केला: झुबे, कुड्या, वेल.
मी पाकिटावर चित्र काढून दाखवलं.
बराच वेळ बघत राहिला, मग
सगळ्या दुकानाला, म्हणजे मलाही, ऐकू जाईल असं म्हणाला,
'एकच? आणि जोडीचं?'
दुसऱ्या कानाचं मला काही माहीत नाही, मी म्हटलं.

चांदीची झाली, अर्ध्या बोराएवढी.
चिमट्यानं बसवली. डोकं ऐरणीला,
पाऊल गोगलगाईच्या खिडकीत.
हूक लावला. कान मिटला.
काही झालं नाही.
काय व्हायला हवं होतं?

परवा दुपारी पडलो होतो, डोळे अर्धवट मिटून.
ही कणीक मळता मळता उठून आली,
इकडेतिकडे पाहिलं,
आणि त्या कानाशी वाकून बोलू लागली.
दोन शब्दांचं नव्हतं ते.
मधे थांबली, पदरानं नाक पुसलं, पुन्हा बोलली.
एकदा खांदे हलले. हसली की काय.
चाळीस वर्षांत तिचे ओठ मला पाठ झालेत,
पण तेव्हा ती पाठमोरी होती.

संध्याकाळी मी विचारलं नाही.
तिनं चहा ठेवला, साखरेचा डबा शोधला,
डबा समोरच होता.

रात्री दिवा लावून बघितलं.
पाळीवर कणकेचं बोट वाळलेलं.
हूक काढला.
सगळं जागच्या जागी, फक्त रिकीब
केसभर कललेली.

मी ती सरळ केली नाही.