साक्षीदार क्रमांक दोन

कलेक्टर ऑफिसच्या कुंपणाला लागून, कडुलिंबाखाली
माझं टेबल, आधी टाइपरायटर होता,
आता लॅपटॉप, ज्याला मे महिन्यात
ओल्या दुपट्ट्यावर निजवावं लागतं लेकरासारखं.

ईश्वरीबाई पहिल्यांदा आली तेव्हा
पिशवीत पापड होते, पापडांखाली पासपोर्ट,
हिरवा, ओलसर हाताचे डाग पडलेला.
जन्मगाव? घोटकी.
सध्याचा पत्ता? जरीपटका, गिरणीच्या मागे.
देशात येण्याचा हेतू?
ती बराच वेळ कडुलिंबाकडे बघत राहिली.
"ताई, हेतू तिथंच राहायचा होता.
नाही राहता आलं."
रकाना दोन इंचांचा.
मी लिहिलं: कौटुंबिक कारण.

मग बारा उन्हाळे.
दर खेपेला मुदतवाढ, तीन प्रती,
फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर,
आणि केस हळूहळू त्या पार्श्वभूमीत मिसळत चाललेले.
अमरावतीची बहीण वारली.
शहर सोडायची परवानगी निघाली चौदाव्या दिवशी,
सही-शिक्क्यासकट,
तेरावं आदल्या दिवशीच आटोपलं होतं.
तो कागदही तिनं फाईलला लावायला लावला.
"असू द्या. परवानगी आहे ना."

एका फॉर्मात विचारलं होतं,
आठव्या अनुसूचीतली कोणती भाषा येते?
मी म्हटलं, सिंधी आहे की यादीत.
तिला हसू आवरेना.
"गाव तुमच्या नकाशात नाही, नदी नाही,
अन् भाषा आमच्या आधी नागरिक झाली?
कोणाच्या ओळखीनं?"

साक्षीदार दोन लागतात.
पहिला गिरणीवाला मेश्राम. दुसरी मी.
आतला बाबू म्हणाला, "काहून जी मॅडम,
तुमचाही पुरावा जोडा ना."
रात्री पेटी उपसली.
दाखल्यावर जन्मतारीख एक जून,
जी देवलापारच्या शाळेत मास्तरांनी
माझी उंची बघून ठरवली होती.
माय तर सांगायची, तू झालीस तेव्हा
अंगणात मोह पडत होता.
मोह पडतो मार्चात, फार तर एप्रिलात.
म्हणजे मी अंदाजे.
आणि या अंदाजे बाईनं लिहून द्यायचं
की ती बाई खरी आहे.
मला कोणी शपथ दिली नाही कधी.
हेतूही विचारला नाही.
मी रडत आले,
आणि तेवढ्यावर काम झालं.

दिलं लिहून.
अर्जदारास बारा वर्षांपासून ओळखते, चारित्र्य चांगले आहे.
पंधरा रुपये जास्त दिले गेले माझ्याकडून,
ते परत करायला जरीपटक्याहून
सेहेचाळीस अंशांत चालत आली होती,
हे लिहायला रकाना नव्हता.

शपथेच्या दिवशी कागद मराठीत होता.
मराठी तिला येते, बाजाराची, भांडणाची.
ती एकेका अक्षरावर पाय ठेवत गेली,
जसं ओढ्यातल्या दगडांवरून जावं.
"मी प्रतिज्ञा करतो की..."
करतो.
कोणी दुरुस्त केलं नाही.
छापलेलंच तसं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती फिरकली नाही.
मंगळवारी दुपारी फोन.
मागे यष्टीचा हॉर्न, कोणीतरी ओरडतंय, वर्धा, वर्धा.
"ताई, तळेगावला आहे."
तिथं कोण आहे बाप्पा तुमचं?
"कोणी नाही.
कंडक्टरला विचारलं, जिल्हा कुठं संपतो,
अन् त्याच्या पुढच्या स्टॉपला उतरले.
चहा घेतला. आता परतीची गाडी बघते."
मग जरा थांबून,
आवाज बारीक करून,
"कोणालाच सांगून नाही आले."

हे सांगायला तिनं मला फोन केला होता.