मानेवरचा तांबडा

नेत्रावळीच्या अलीकडे, चढावर,
दिव्याच्या झोतात एक निखारा फुलला आणि उडाला.
तो उडाला तिथेच
दुसरा पडला होता, न फुललेला.

दुर्गो वेळीप जीपमधून आधी उतरला.
मी मागून, बॅटरी आणि नोंदवही घेऊन.
हाताएवढा पक्षी. अजून कोमट.
चोच नखाएवढी, आत तोंड मात्र
डोळ्यांच्या मागपर्यंत चिरलेलं,
अख्खा काळोख गिळायचा असल्यासारखं.

रातवा. इथवर दोघांचंही एकमत.
पण वहीत रकाना आहे : ‘कोणता’.

या रानात दोन रातवे.
दिवसा दोघंही वाळलेली पानं.
घरटं बांधणं दोघांनाही ठाऊक नाही,
उघड्या भुईवर अंडं
आणि अंड्यावर बसलेली भुई.
पुस्तक म्हणतं, एक राखेरी, तो रानरातवा;
दुसऱ्याच्या मानेवर तांबूस पट्टा, तो जर्डनचा.
पुस्तक लिहिणारा या रस्त्याने आला नसावा.
रिवणपासून इथवर खनिजाचे ट्रक,
इथे काजूची पानं तांबडी, म्हशी तांबड्या,
माझ्या खाकीच्या शिवणी तांबड्या.

दुर्गोला पुस्तक नाही. त्याला कान आहेत.
नोकरीला लागले त्या चैत्रात त्याने मला
बोंडू आंबल्याच्या वासात, दगडावर बसवून शिकवलं होतं :

‘हो मेजपी.’
ठकू ठकू ठकू ठकू,
काजूबिया मोजणारी बाई जशी
मध्ये श्वासही घेत नाही,
घेतला तर आकडा सांडेल.

‘आनी तो मेस्त.’
फळीवर एक ठोका. च्वुक्-वूऽ.
मग गप्प.
ठोका पलीकडच्या डोंगरावर पोचला का
ते ऐकून घेतो,
मग दुसरा.

मेजपी आणि मेस्त. मोजणारा आणि सुतार.
त्यानंतर मला कधी चुकले नाहीत,
अंधारात, लांबून, न दिसता.
आता हा तळहातावर आहे, अगदी दिसतो आहे,
आणि सांगता येत नाही.

मी मानेवरची पिसं फुंकरीने उलटी केली.
तांबडी.
बाटलीतलं पाणी अंगठ्यावर घेऊन पुसली.
पाणी तांबडं झालं.
पुन्हा पुसली. पुन्हा तांबडं, थोडं कमी.
तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं
आणि मानेवर काहीतरी उरलं होतं,
किंवा बॅटरीचे सेल उतरत आले होते.

‘उलयलो जाल्यार कळटलें,’ दुर्गो म्हणाला.
मग स्वतःच ओशाळून
डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधू लागला.

तेवढ्यात वरच्या उतारावरून
फळीवर एक ठोका.
आम्ही दोघं हललो नाही.
तो थांबला. नेहमीच थांबतो.
पण आज वाटलं, नेहमीपेक्षा जास्त.
मग दुसरा ठोका.

मघाचा निखारा तोच का?
तो याचा कोण?
की सुतार आपला
रोजचं काम करत होता,
आणि इथे रस्त्यात कुणाचा माणूस पडला
हे त्याच्या गावीही नव्हतं?

सालेलकर साहेबांना रकाना रिकामा चालत नाही.
मी लिहिलं : जर्डनचा. एक. वाहनाच्या धडकेने.
हाक मारणाऱ्याचं नाव
मेलेल्याला दिलं.
चुकलं असेल तर
मोजणाऱ्यांतला एक कमी झाला आहे
आणि तो कुणीच मोजलेला नाही.

दुर्गोने त्याला रस्त्यापासून दहा पावलं आत
किंदळीच्या बुंध्याशी, पानांवर ठेवलं.
मी वही मिटेपर्यंत, फार तर मिनिटभर.
मग वेळ लिहायची राहिली म्हणून
पुन्हा एकदा बघावं तर
पानंच पानं.
दुर्गो वाकून, बोटाने दाखवत होता,
‘हांगा. हांगाच दवरला न्हय हांवें.’
त्यालाही दिसत नव्हता.