कोरोबोईचा उजेड

मोशीच्या कोर्टात तीन न्यायाधीश बसले
आणि त्यांनी उजेडाबद्दल विचारलं.
जमिनीबद्दल नाही.

दिवा कसला होता? कंदील, की डब्याची कोरोबोई?
वात किती वर होती? साक्षीदार किती पावलांवर?
खालच्या कोर्टानं हे लिहूनच घेतलेलं नाही महाराज,
असं म्हणत त्याच्या वकिलानं
ओल्या बोटानं पान एकतीस उलटलं.

पान एकतीस म्हणजे मी.
मी बोलले चाग्गात,
दुभाष्यानं ते स्वाहिलीत ओतलं,
साहेबांनी इंग्रजीत उतरवून घेतलं.
तीन भांडी बदलताना दूध सांडतं तशी
मी सांडत गेले, आणि तळाशी उरलं एवढंच :
साक्षीदार क्रमांक दोन, आइकारुवा, मृताची बहीण.
दिवा होता. आरोपीला ओळखलं.

आरोपीचीही बहीणच, हे
कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

बाबांनी वाटणी रीतीप्रमाणे केली.
थोरल्याला वरची कॉफी,
धाकट्या अनाएलीला घर, केळी आणि आजोबांच्या कबरी,
मधल्या न्देकिर्वाला डोक्यावर हात.
मी त्या दिवशी पाहुण्यांसाठी म्बेगे गाळत होते.
फेस फार आला होता.

न्देकिर्वा अरुशात अकरा वर्षं टायर विकून आला
तो छातीत खोकला घेऊन
आणि चार पावलं जमीन मागायला.
चारच.
आमच्याकडे बांधावर इसाले लावतात.
झाडं चालत नाहीत म्हणतात,
पण आमचं इसाले चालायचं :
सोमवारी कबरींकडे, गुरुवारी पाटाकडे.
सकाळी मुळांना ओली माती,
आणि दोघा भावांच्या नखांत तीच.
मी दोघांनाही हात धुवायला पाणी द्यायची.

त्या रात्री मी चुलीशी होते.
ओरडणं ऐकून कोरोबोई घेऊन दारात आले.
वारा होता. उजेड माझ्या मनगटापर्यंत पोचत होता,
त्याच्यापुढे केळी, आणि केळींमध्ये काळोख.
मी काही पाहिलं नाही.
मी खोकला ऐकला.
आणि पाट ओलांडताना डावा पाय आधी टाकून
मग तो जरासा घसरतो, लहानपणापासून,
तसं घसरलेलं ऐकलं.

पोलीस म्हणाला, पाहिलंस ना?
मी हो म्हणाले.
कानांना शपथ देत नाहीत, असं मला वाटलं.

पहाटे खालच्या अंगाचा किमारो
कुरकुरत वर आला,
माझ्या कॉफीचं पाणी कुणी अडवलं म्हणून.
अनाएली पाटात आडवा होता.
पाणी त्याच्या खांद्याला वळसा घालून
वाट शोधत होतं.

सात वर्षं फाशीच्या कोठडीत काढल्यावर
न्देकिर्वा सुटला. संशयाचा फायदा.
निकालपत्र एकोणीस पानांचं आहे,
थोरल्याच्या मुलानं मला वाचून दाखवलं.
त्यात कोरोबोई सतरा वेळा येते.
अनाएली सहा वेळा.
चार पावलं एकदाही नाहीत.

काल तिन्हीसांजेला तो आला.
बांधाच्या पलीकडे थांबला.
हातात इसालेचं पान, गाठ मारलेलं.
हे पान घेऊन आलेल्याला
आमच्यात माघारी पाठवत नाहीत.
ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानंही नाही.
असं बाबा सांगायचे.
पान कुठून तोडावं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता घरात वीज आली आहे.
ओसरीचा बल्ब चांगला लख्ख आहे,
तिन्ही न्यायाधीशांना पुरला असता.
बटण माझ्या हाताशी होतं.
तो खोकला.
तसाच.

मी बटण दाबलं नाही.
अंधारातूनच विचारलं,
पान कुठल्या झाडाचं, न्देकिर्वा?
तुझ्या बाजूचं, की त्याच्या?