मागचा फॉन्ट

एंडिकॉट, न्यू यॉर्क राज्य. विमा कंपनीचं तळघर.
खिडकी नव्हतीच, त्यामुळे बर्फ पडल्याचं
लोकांच्या बुटांवरून कळायचं.

माझं काम फॉन्टची व्याख्या करण्याचं.
आधी नाव द्यायचं, आठ अक्षरांच्या आत,
मग मशीनला सांगायचं, या नावाचा साचा कुठला,
उंची किती, जाडी किती, सरळ की तिरका.
बारसं आधी, बाळ नंतर.
पुढे मजकुरात नुसतं नाव घेतलं की वळण बदलायचं,
आणि ‘मागचा’ म्हटलं की
निमूट आधीच्या वळणावर यायचं.

जे नाव ठाऊक नाही, तिथे मशीन अडायचं नाही,
जवळपासचं काहीतरी उचलून छापायचं.
त्याला तरी काय बोलणार?
वरच्या मजल्यावर माझ्या अन्नपूर्णाचं
पहिल्याच आठवड्यात ॲना झालं होतं.

हेलन ह्रुश्का, हिशेब विभाग, साठीला आलेली,
एका बुधवारी चिटोरा घेऊन खाली आली.
वडील गेले होते. चर्चमध्ये वाटायला कार्डं हवी होती.
“त्यांच्या नावातला एस साधा नाही,” ती म्हणाली,
“त्याच्या डोक्यावर पक्षी बसतो, पंख वर केलेला.
नावात दोनदा. तो नसेल
तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड.”

मिकुलाश ह्रुश्का.
स्लोव्हाक साप्ताहिकात चाळीस वर्षं खिळे जुळवले.
पक्ष्यांचे खिळे छापखान्यात नव्हते,
म्हणून पदरच्या पैशांनी मागवले,
आणि संध्याकाळी सिगारच्या डबीत घालून
घरी घेऊन जायचे. चोरीला जातील म्हणून नव्हे.
कुणीतरी साध्या एसच्या खणात टाकील म्हणून.

मी म्हटलं, आमच्याकडे याला अख्खं अक्षर आहे.
शहामृगातला श.
“मग तुला जमेल,” ती म्हणाली.
कसं जमणार होतं, मला माहीत नव्हतं.

ए वरची तिरकी काडी सोपी निघाली.
पक्ष्यासाठी एक वेगळा फॉन्ट मांडला,
बारीक, वर उचललेला, त्यातला फक्त व्ही घेतला.
एस छापायचा, एक घर मागे यायचं,
फॉन्ट बदलायचा, व्ही ठेवायचा,
मागचा.
पहिल्या कागदावर पक्षी एसच्या आरपार गेला,
आमचा पोटफोड्या ष.
नवव्यावर तो शेजारच्या के च्या दांडीवर जाऊन बसला.
मग उंच. मग फारच उंच, वरच्या ओळीतल्या
जन्मतारखेत.
एकतिसाव्या कागदावर टेकला.

हेलननं चष्मा काढला, कागद डोळ्यांशी नेला.
मला वाटलं, आता रडेल.
“केसभर डावीकडे,” ती म्हणाली.

केसभर म्हणजे किती, ते मशीनला
आकड्यात सांगावं लागतं.
आणखी दहा कागद गेले.

सोमवारी साहेबानं, डेल व्हिटाकरनं,
एक्केचाळीस कागदांचा जाब विचारला.
मी म्हटलं, चाचणी.
यादीतली एक व्याख्या कुणीच वापरत नाही, तो म्हणाला,
एच आर यू एस के ए, हे काय आहे?
(व्याख्येच्या नावात पक्षी चालत नसे.)
मी म्हटलं, असू दे. जागा किती खातंय?
त्यानं ते राहू दिलं, की विसरला,
मी नोकरी सोडली तोवर तरी ते होतं.

एकदा सगळे घरी गेल्यावर
मी नुसती रेघ मांडून पाहिली.
शिरोरेघ, या समासापासून त्या समासापर्यंत.
खाली लटकायला अक्षरं कुठून आणणार?
तशीच छापली.
कपडे वाळून घरात नेल्यावर
दोरी दिसते, तशी दिसली. वाईट नव्हती.
थोडा वेळ बघत बसले.

मग टाइप केलं, मागचा,
आणि मार्चचे हप्ते छापायला घेतले.