सात किलो

सीताबर्डीवरचं तिसरं दुकान.
हकीमुद्दीनभाई टेप काढतात:
पंचावन्न, पस्तीस, वीस.
"होऊन जाईन ना भाऊ," म्हणत
आत कोंबलेले जुने पेपर उपसतात
आणि बॅग एकदम म्हातारी दिसायला लागते.

मी चेन उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो.
पट्टा खांद्याशी कुठे शिवलाय ते उलटं करून बघतो.
पाठीशी एक चोरकप्पा, पासपोर्टपुरता,
जो मी अजून काढलेलाच नाही.
रिकामीच दीड किलोची. नको.
दुसरी हलकी, पण कण्यात वाकते.

"नेता तरी काय?"

पिशवीतून टॉवेल काढतो,
टॉवेलातून काच.
आठ इंची. मनीषनगरच्या गच्चीवर
ड्रमभोवती गोल गोल फिरत
अकरा महिने घासलेली.
पुण्याला मुलामा चढला की
हिच्यात शनीची कडी उतरतील.
ही विमानाच्या पोटात टाकायची नाही.
तिथे फेकतात.

हकीमुद्दीनभाई लगेच हात लावत नाहीत.
आधी रुमालाला बोटं पुसतात.
मग गल्ल्याखालून स्वतःची झिजकी बॅग ओढून
तिच्यातला फोम सोडवतात,
तिसऱ्याच एका करड्या बॅगेत दाबून बसवतात.
"पैसे बॅगचे. हा असाच."

रात्री काट्यावर:
सहा किलो आठशे.
बायको संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा धरून उभी,
पुण्याच्या मावशीसाठी.
काही बोलत नाही.

मी दुसरा शर्ट बाहेर काढतो.